घरच्या घरी चॉकलेट गनाश: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गनाश म्हणजे नेमकं काय?

चॉकलेट आणि क्रीम. तिसरं काही घातलं नाही तरी चालतं. गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवायचं, असं सगळे सांगतात, पण 'विरघळवणं' हा शब्द फसवा आहे. क्रीममध्ये पाणी असतं, चॉकलेटमध्ये आणि क्रीममध्ये स्निग्धांश असतो आणि पाणी नि तूप कधी एक होत नाहीत हे आपण रोज बघतो. नीट ढवळलं की स्निग्धांशाचे अगदी बारीक थेंब होऊन पाण्यात पसरतात आणि तसेच अडकून राहतात. गनाशची चकाकी आणि मऊपणा या पसरण्यामुळे येतो. हे थेंब पुन्हा एकत्र आले की तेल सुटतं, गनाश फाटतं. खाली जेवढ्या अडचणी आहेत, त्यातल्या निम्म्या याच एका गोष्टीपाशी येऊन थांबतात.

शब्द फ्रेंच आहे, उच्चार 'गनाश'. दुकानात 'गनाचे' म्हणून मागितलं तरी दुकानदाराला कळतं, काळजी नसावी. फ्रेंचमध्ये या शब्दाचा मूळ अर्थ घोड्याचा खालचा जबडा आणि त्यावरून बावळट माणूस.

परदेशी व्हिडिओत दाखवतात तसंच समान प्रमाण घेतलं, तरी माझं गनाश पातळ का राहिलं?

कारण त्यांचं क्रीम वेगळं आणि आपलं वेगळं. तिकडच्या कृतींमध्ये हेवी क्रीम असतं, त्यात स्निग्धांश ३५ टक्के किंवा जास्त. आपल्याकडे किराण्याच्या दुकानात सहज मिळणाऱ्या अमूल फ्रेश क्रीममध्ये तो २५ टक्के असतो. म्हणजे १०० ग्रॅम क्रीममागे स्निग्धांश १० ग्रॅम कमी आणि पाणी साधारण १० ग्रॅम जास्त. हे जादा पाणी गनाश घट्ट होऊ देत नाही. त्यात बाहेर ३२ अंश तापमान असेल तर विचारायलाच नको.

यावर दोन उपाय आहेत. सोपा उपाय क्रीम कमी करण्याचा: जिथे १०० ग्रॅम लिहिलंय तिथे ८५ ग्रॅम घ्या. पाण्याचा हिशेब जुळतो, चव थोडी कमी मलईदार लागते. दुसरा उपाय आम्हाला जास्त आवडतो. ८० ग्रॅम फ्रेश क्रीम आणि १८ ग्रॅम बिनमिठाचं बटर एकत्र गरम करा. पाणी आणि स्निग्धांश, दोन्ही जवळजवळ १०० ग्रॅम हेवी क्रीमइतके भरतात. बटर बिनमिठाचंच हवं. पोळीला लावायचं पिवळं बटर खारं असतं, आणि १८ ग्रॅममध्येही ते मीठ जिभेला लागतं.

मग आपल्या क्रीमसाठी प्रमाण काय धरायचं?

खालचे आकडे २५ टक्क्यांचं क्रीम, ५० ते ५५ टक्के कोको असलेलं डार्क चॉकलेट आणि साधारण २८ ते ३० अंशांची खोली गृहीत धरून दिले आहेत. चॉकलेट सगळीकडे १०० ग्रॅम.

- केकवर ओतायला: क्रीम ८५ ग्रॅम
- कडेवरून ओघळ सोडायला, म्हणजे ड्रिपला: ७५ ग्रॅम
- केकच्या थरांत भरायला आणि बाहेरून लावायला: ४५ ग्रॅम
- ट्रफलच्या गोळ्या किंवा मोदकाचं सारण: ४० ग्रॅम
- आइस्क्रीमवर घ्यायचा सॉस: १५० ग्रॅम

मिल्क चॉकलेट वापरत असाल तर थरांत भरण्यासाठी क्रीम ३३ ग्रॅमवर आणा, व्हाइट चॉकलेट असेल तर २५ ग्रॅमवर. या दोन्हींत साखर आणि दुधाची भुकटी जास्त, कोको कमी. गनाशला घट्टपणा देणारा भागच कमी असतो. उलट ७० टक्क्यांच्या डार्क चॉकलेटला क्रीम जास्त लागतं. ओतायचं गनाश करताना १०० ग्रॅमला ११० ग्रॅमपर्यंत क्रीम सहज खपतं, नाहीतर ते फाटायला बघतं.

मे महिन्यात, एसी नसलेल्या घरात, भरण्याच्या गनाशमध्ये प्रत्येक आकड्यातून आणखी ५ ग्रॅम क्रीम काढा. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडे तेवढंच वाढवा.

कपाने मोजलं तर नाही का चालणार?

नाही. एक कप चिरलेलं चॉकलेट म्हणजे किती, हे तुम्ही किती बारीक चिरलंय त्यावर ठरतं. गनाशमध्ये १० ग्रॅमने पोत बदलतो. एक डिजिटल वजनकाटा घ्या. बाकी सगळी उपकरणं नसली तरी चालतील.

कंपाउंड घ्यावं की खरं चॉकलेट?

आधी पाकिटाची मागची बाजू वाचा. घटकांत कोको बटर असेल तर ते खरं चॉकलेट. त्याऐवजी वनस्पतिजन्य किंवा हायड्रोजनेटेड वनस्पती तेल लिहिलेलं असेल तर ते कंपाउंड. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास आणि पुण्यात रविवार पेठेत बेकिंगच्या सामानाची दुकानं आहेत, तिथे ४००-५०० ग्रॅमच्या ज्या लाद्या सर्रास मिळतात त्या बहुतेक कंपाउंडच्या असतात. स्वस्त, टिकाऊ, उन्हाळ्यात लवकर न विरघळणाऱ्या.

चवीचा प्रश्न असेल तर उत्तर सरळ आहे. कोको बटर ३४-३५ अंशांना, म्हणजे तोंडातल्या उबेने वितळतं. कंपाउंडमधलं तेल जरा वरच्या तापमानाला वितळतं, त्यामुळे जिभेवर मेणचट थर राहतो. गनाशमध्ये दोनच पदार्थ असल्याने हे लपत नाही. ट्रफल किंवा टार्टसाठी आम्ही कंपाउंड घेणार नाही. पण वाढदिवसाचा दीड किलोचा केक दुपारी दोन वाजता रिक्षातून न्यायचा असेल, तर कंपाउंडला नाक मुरडण्यात अर्थ नाही.

कंपाउंडचं गनाश जास्त कडक होतं, म्हणून वरच्या आकड्यांत क्रीम ५ ते १० ग्रॅम वाढवा. आणि ते जास्त तापवू नका, खऱ्या चॉकलेटपेक्षा त्याचं तेल लवकर सुटतं.

दोन्ही अर्धं-अर्धं मिसळणारे बरेच जण आहेत. गनाशमध्ये ते चालून जातं, फक्त अपेक्षेपेक्षा मऊ बसतं, कारण दोन तेलं एकमेकांना घट्ट होऊ देत नाहीत. मोदकाच्या किंवा चॉकलेटच्या कवचासाठी मात्र हे मिश्रण कधीही करू नका. कवच नरम राहतं आणि काही दिवसांत त्यावर पांढरट डाग उमटतात.

दुकानात मिळणारं ५५ टक्क्यांचं अमूल डार्क चॉकलेट गनाशला छान चालतं. १५० ग्रॅमची लादी असते, हिशेबालाही सोयीची. मुलांसाठीचं दुधाळ चॉकलेट वापरलंत तर गनाश होईल, पण गोडमिट्ट.

कृती एकदा नीट सांगाल का?

२०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १७० ग्रॅम क्रीम. ओतण्याजोगं गनाश.

चॉकलेट सुरीने जाडसर दाण्याच्या कुटाइतकं बारीक करा. मोठे तुकडे राहिले तर ते वितळेपर्यंत क्रीम थंड होतं, गनाश कणीदार होण्याचं हे पहिलं कारण. चिरलेलं चॉकलेट कोरड्या, उभट भांड्यात घ्या. पसरट थाळ्यात उष्णता लगेच उडून जाते.

क्रीमचं पाकीट आधी हलवा, तळाशी पाणी बसलेलं असतं. क्रीम छोट्या, जाड बुडाच्या पातेल्यात मंद आचेवर ठेवा. कडेला बारीक बुडबुडे आले, मधून वाफ निघाली की बंद. दुधासारखं वर येऊ द्यायचं नाही. उकळत ठेवलं तर पाणी उडतं, तुमचं मोजलेलं प्रमाण बदलतं, आणि २५ टक्क्यांच्या क्रीमला तर कण धरायला वेळ लागत नाही.

गरम क्रीम चॉकलेटवर ओता, सगळं बुडायला हवं. वर ताटली ठेवा आणि दोन मिनिटं हात लावू नका.

आता सिलिकॉनचं उलथणं भांड्याच्या बरोब्बर मध्यभागी उभं धरा आणि रुपयाच्या नाण्याएवढ्या छोट्या वर्तुळात हलवत राहा. पहिल्या दहा-पंधरा फेऱ्यांत ते अगदीच बिघडल्यासारखं दिसतं: पांढरं क्रीम, तपकिरी ठिपके, रेघा. घाबरून वेग वाढवू नका. थोड्या वेळात मध्ये एक गडद, चकचकीत डोळा तयार होतो. तो डोळा म्हणजे पाणी आणि स्निग्धांश जुळले. मग वर्तुळ हळूहळू मोठं करत बाहेरचं क्रीम त्यात ओढून घ्या. उलथणं उचललं की गनाश रिबिनीसारखं पडायला हवं आणि खाली पडल्यावर दोन क्षण तिची खूण दिसायला हवी.

फेटणी वापरू नका. हवा शिरते आणि केकवर ओतल्यावर बुडबुड्यांचे खड्डे दिसतात. बटर घालायचं असेल तर गनाश ४० अंशांच्या आत, बोट सहज बुडवता येईल इतकं कोमट झाल्यावर घाला.

थोडं चॉकलेट वितळलंच नाही, तुकडे राहिले. पुन्हा गॅसवर ठेवू?

गॅसवर नको. भांडं कोमट पाण्यावर एक मिनिट धरा, किंवा मायक्रोवेव्हमध्ये निम्म्या पॉवरवर १०-१० सेकंद.

क्रीम ४० ग्रॅमच्या खाली असतं तेव्हा हे हमखास होतं. तेवढ्याशा क्रीममध्ये १०० ग्रॅम चॉकलेट वितळवण्याइतकी उष्णताच नसते. व्हाइट चॉकलेटचं घट्ट गनाश करताना म्हणून चॉकलेट आधीच अर्धं वितळवून घ्यावं आणि मग त्यावर गरम क्रीम ओतावं.

सगळंच मायक्रोवेव्हमध्ये करता येईल?

येईल, आणि २०० ग्रॅमपर्यंतच्या घाण्याला ते सोयीचंही आहे. चॉकलेट आणि क्रीम एकाच काचेच्या वाडग्यात, निम्म्या पॉवरवर ३० सेकंद, बाहेर काढून ढवळणं, पुन्हा २० सेकंद. तीन-चार खेपांत होतं. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा, ते आतल्या उबेने वितळतात. पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं लावून निघून गेलात तर मध्ये करपलेलं चॉकलेट मिळेल, आणि करपलेल्याला उपाय नाही.

गनाश फाटलं! वर तेल आलंय. आता?

फेकू नका. जवळजवळ नेहमी वाचतं.

आधी ओळखा. फाटलेलं गनाश चकचकीत नसून तेलकट दिसतं, कडेला पिवळसर तेल साचतं, ढवळलं की दह्याच्या कवड्यांसारखं तुटतं. दूध नासतं तेव्हा त्यातली प्रथिनं गोळा होतात; इथे तसं काही झालेलं नसतं, फक्त स्निग्धांश वेगळा झालेला असतो. म्हणून तो परत बसवता येतो.

कारणं तीनच, कुठलं लागू आहे ते बघा. एक, पाणी कमी पडलं: क्रीम उकळत राहिलं, किंवा चॉकलेट जास्त कोकोचं होतं, किंवा बटर सढळ हाताने पडलं. दोन, फार तापलं. तीन, अर्धवट जुळलेलं असतानाच थंड झालं आणि त्यानंतर कुणीतरी जोरात ढवळलं.

तिसरं कारण असेल तर भांडं कोमट पाण्यावर धरून ३५-४० अंशांपर्यंत आणा आणि मध्यापासून पुन्हा हलवा. बरेचदा एवढ्यावर भागतं. दुसरं असेल तर आधी निवू द्या. गरम असताना काहीही केलं तरी ते परत फाटतं.

पाणी कमी पडलं असेल तर कोमट दूध, एका वेळी एक छोटा चमचा, मध्यभागी घालून तिथेच हलवत राहा. क्रीम घालू नका. क्रीम म्हणजे आणखी स्निग्धांश, आणि तो आधीच जास्त झालाय. २०० ग्रॅम चॉकलेटच्या गनाशला साधारण दोन ते चार चमचे लागतात. चकचकीत डोळा परत दिसला की समजा जमलं.

एवढं करूनही जुळत नसेल तर उलट्या बाजूने जा. स्वच्छ वाटीत एक मोठा चमचा कोमट दूध घ्या, त्यात फाटलेलं गनाश चमचाभर घालून एकजीव करा. मग दुसरा चमचा, मग तिसरा. दुधात गनाश जातंय, गनाशात दूध नाही. हाताशी हँड ब्लेंडर असेल तर त्याचं डोकं पूर्ण बुडवून, भांडं किंचित तिरकं धरून अर्धं मिनिट फिरवा. डोकं वर आलं तर हवा शिरेल.

वाचवलेलं गनाश मूळपेक्षा थोडं मऊ बसतं. ओतायला किंवा थरांत वापरा, ट्रफलला नको.

चॉकलेट वितळवताना पाण्याचा थेंब पडला आणि सगळं घट्ट गोळा झालं. हे फाटणंच का?

नाही, उलट प्रकार. थेंबभर पाण्याने चॉकलेटमधली साखर ओली होते, कण एकमेकांना चिकटतात आणि चिखलासारखा गोळा बनतो. गंमत अशी की थोडं पाणी घातक आणि भरपूर पाणी औषध. गनाशच करायचं असेल तर मोजलेलं गरम क्रीम बिनधास्त ओता, गोळा सुटतो. कवच किंवा साचे करायचे असतील तर मात्र ते चॉकलेट बाजूला ठेवा आणि गनाशलाच वापरा.

घरची साय चालेल का?

हा प्रश्न आपल्याकडेच येऊ शकतो! चालेल, पण जपून. तापवलेल्या दुधावरच्या सायीत स्निग्धांश आधीच गुठळ्यांत गोळा झालेला असतो आणि तो प्रत्येक घरी वेगळा, त्यामुळे नेमका आकडा देता येत नाही. ताजी साय ६० ग्रॅम आणि थंड दूध ४० ग्रॅम मिक्सरमध्ये फक्त सात-आठ सेकंद फिरवा, गाळा आणि क्रीम म्हणून वापरा. एक फेरा जास्त झाला की लोणी निघायला लागतं. आठवडाभर विरजणाला साठवलेली साय अजिबात नको. तिला आंबूस वास असतो, चॉकलेट तो वास लपवत नाही, वाढवतं.

क्रीम नसेलच तर आमचं मत सायीपेक्षा दूध आणि बटरच्या बाजूने आहे. १०० ग्रॅम डार्क चॉकलेटला ४० ग्रॅम दूध आणि २० ग्रॅम बिनमिठाचं बटर, केक भरण्याजोगं छान बसतं.

बेकरीवाले वापरतात ते नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम?

होतं, टिकतंही. त्यात साखर आधीच असते, म्हणून चॉकलेट डार्कच घ्या आणि मिल्क किंवा व्हाइटच्या वाटेला जाऊ नका. न फेटता, पातळ असतानाच मोजा आणि उकळू न देता फक्त गरम करा.

दूध न वापरता गनाश?

नारळाच्या दुधाचं उत्तम होतं. १०० ग्रॅम डार्क चॉकलेटला ६० ते ७० ग्रॅम पहिलं दाट दूध. खळाखळा उकळू नका, फुटतं. घरी काढलेल्या दुधाचा दाटपणा खोबऱ्यावर अवलंबून असतो, म्हणून ५० ग्रॅमपासून सुरुवात करून बघत वाढवा. चॉकलेटच्या पाकिटावर दुधाचे घन पदार्थ नाहीत ना, तेही तपासा. बऱ्याच डार्क लाद्यांत असतात. नारळाचा वास येणारच, तो दालचिनी किंवा कॉफीशी जुळतो. फ्रीजमध्ये तीन दिवसांच्या आत संपवा.

गनाशमध्ये अंडं किंवा जिलेटिन असतं का?

नाही.

केकवर नेमकं कधी ओतायचं?

वरून ओतायचं असेल तर गनाश ३५ ते ३८ अंश हवं. थर्मामीटर नसेल तर खालच्या ओठाला थेंब लावा: ना गरम, ना गार लागला की बरोबर. केक फ्रीजमधून काढलेला, खाली जाळी, तिच्याखाली ताट. मध्यभागी एकदाच, सढळ हाताने ओता आणि ताट हलकेच आपटा. सुरी फिरवायचा मोह आवरा, प्रत्येक फेरा उमटतो. ताटात पडलेलं गनाश गाळून परत वापरता येतं.

ड्रिपसाठी थोडं आणखी थंड, ३२ ते ३४ अंश. केक अर्धा तास फ्रीजमध्ये असायला हवा, नाहीतर व्हिप क्रीम वितळून ओघळ खालपर्यंत धावतात. चाचणी केकवर करू नका. स्टीलचा पेला फ्रीजमध्ये गार करा, उपडा ठेवा आणि त्याच्या काठावर चमचाभर सोडा. ओघळ तळाशी गेला तर गनाश गरम आहे, काठालाच अडकला तर थंड झालंय, निम्म्यापर्यंत येऊन थांबला तर केककडे वळा.

थरांत भरायचं गनाश आदल्या रात्री करून फ्रीजमध्ये ठेवावं. प्लॅस्टिकची फिल्म थेट पृष्ठभागाला चिकटवून झाका, म्हणजे साय धरत नाही. सकाळी बाहेर काढल्यावर, खोलीच्या तापमानाला आलं की ते श्रीखंडासारखं असायला हवं. चक्क्यासारखं घट्ट झालं असेल तर मायक्रोवेव्हमध्ये पाच-पाच सेकंद. बासुंदीसारखं असेल तर दहा मिनिटं फ्रीज, मध्ये दोनदा ढवळून.

अर्ध्या किलोच्या केकला किती लागतं?

६ इंची केक, आत दोन थर आणि बाहेरून लेप: २५० ग्रॅम डार्क चॉकलेट, ११० ग्रॅम क्रीम. किलोच्या, ८ इंची केकला ४५० आणि २०० ग्रॅम. नुसतं वरून ओतायला ६ इंचीला १५० आणि १३० ग्रॅम, यात खाली सांडणारं धरलंय. ड्रिपला ६० आणि ४५ पुरेत.

फेटलेलं, हलकं गनाश हवंय. फ्रेश क्रीमने फुगतच नाही.

२५ टक्क्यांचं क्रीम हवा धरून ठेवू शकत नाही, दोष तुमच्या हाताचा नाही. यासाठी ३५ टक्क्यांचं डेअरी व्हिपिंग क्रीमच आणा. १०० ग्रॅम डार्क चॉकलेट, १०० ग्रॅम गरम क्रीम, एकजीव झाल्यावर आणखी १०० ग्रॅम थंड क्रीम. रात्रभर फ्रीजमध्ये. सकाळी मध्यम वेगाने एक ते दोन मिनिटं, रंग फिकट झाला आणि फेटणीच्या खुणा टिकल्या की थांबा. पुढे गेलात तर रवाळ होतं.

चकाकी का जाते?

फ्रीजमुळे. थंड केक दमट हवेत आला की त्यावर दव जमतं आणि वाळल्यावर पृष्ठभाग मंद दिसतो. पावसाळ्यात कोकणपट्टीत हे टाळणं अवघड आहे. केक बंद खोक्यासकट बाहेर काढा आणि अर्ध्या तासाने खोकं उघडा, म्हणजे दव खोक्यावर जमेल. शिवाय १०० ग्रॅम चॉकलेटला १० ग्रॅम लिक्विड ग्लुकोज क्रीमबरोबर गरम करून घातलं तर चकाकी जास्त टिकते. मधही चालतो, पण त्याची चव येते.

स्वाद कधी आणि किती घालायचे?

वेलची, जायफळ, केशर, कॉफी, संत्र्याची साल: सगळं क्रीम गरम असताना, दहा मिनिटं झाकून, मग गाळून. गाळल्यावर क्रीमचं वजन पुन्हा करा, सालीला बरंच चिकटून जातं. इन्स्टंट कॉफी १०० ग्रॅम चॉकलेटला एक सपाट चमचा, ती गाळावी लागत नाही. संत्र्याची फक्त वरची नारिंगी साल किसा, खालचा पांढरा भाग कडू असतो. चिमूटभर मीठ प्रत्येक डार्क गनाशमध्ये घालावं असं आमचं ठाम मत आहे. रम, ब्रँडी किंवा काजूची फेणी घालायची तर १०० ग्रॅमला एक चमचा, शेवटी, आणि तेवढंच क्रीम कमी.

हापूसचं गनाश बिघडतं ते रसातल्या पाण्याने. १०० ग्रॅम रस मंद आचेवर आटवून ६० ग्रॅमवर आणा. २०० ग्रॅम व्हाइट चॉकलेट अर्धं वितळवा, २० ग्रॅम गरम क्रीम घालून हलवा, मग कोमट रस थोडा-थोडा. रस आणि क्रीम एकत्र उकळलं तर आंबटपणाने क्रीम फुटू शकतं.

रंग कोणता? जेल की तेलातला?

गनाशमध्ये पाणी असल्याने जेल चालतो, तेलातलाही चालतो. नुसत्या वितळलेल्या चॉकलेटमध्ये मात्र फक्त तेलातलाच, नाहीतर वर सांगितलेला गोळा होतो.

गणपतीत चॉकलेट मोदकात गनाश भरायचंय.

लहान साच्याच्या १२ मोदकांना, प्रत्येकी सात-आठ ग्रॅम सारण धरून, ६५ ग्रॅम डार्क चॉकलेट आणि २६ ग्रॅम क्रीम पुरतं. कवचासाठी खरं चॉकलेट घेतलं तर ते टेंपर करावं लागतं, म्हणजे ठरावीक तापमानांना वितळवून-निववून घ्यावं लागतं. कंपाउंड नुसतं वितळवून चालतं, आणि सणाच्या धावपळीत ते घेतलं तर कुणी नाव ठेवणार नाही. कवच २ मिलिमीटरपेक्षा पातळ नको, विशेषतः कळ्यांच्या खाचांत. तिथेच ते तडकतं.

गनाश २८ अंशांपर्यंत निवल्यावरच पायपिंगच्या कोनमध्ये भरा. गरम सारण कवच आतून वितळवतं आणि मोदक साच्यातून सुटत नाही. काठापासून २ मिलिमीटर जागा सोडा, थंड जागी चार-पाच तास बसू द्या, मग वितळलेल्या चॉकलेटने तोंड बंद करा. सारण फ्रीजमध्ये गारठवून लगेच तोंड बंद केलं तर बाहेर आल्यावर ते फुगतं आणि बुडाला चीर पडून गनाश पाझरतं.

नैवेद्याचे असतील तर रमचा प्रश्न येत नाही, पण जायफळ जरूर घाला.

किती दिवस टिकतं?

हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये एक आठवडा, फ्रीजरमध्ये दोन महिने. ट्रफल किंवा मोदक फ्रीजमध्ये पाच दिवसांत संपवावेत. बाहेर ठेवायचं म्हटलं तर आपल्या हवेत केकचा समारंभ होईपर्यंतचे दोन-तीन तास, त्याहून जास्त नको. परदेशी पुस्तकात दोन दिवस ओट्यावर राहू द्या असं लिहिलेलं असतं, ते २० अंशांच्या स्वयंपाकघरासाठी असतं. आंबूस वास आला किंवा बुरशीचा एक ठिपका दिसला तरी सगळं टाका, वरचा थर काढून वापरू नका.

फ्रीजरमधलं गनाश रात्रभर फ्रीजमध्ये आणि मग बाहेर. घाईने गॅसवर वितळवलं की फाटतं, आणि मग तुम्हाला वरचा कोमट दुधाचा प्रकार पहिल्यापासून करावा लागतो.